तिखटावर घेतलेला संशय

मी यल्लाप्पाचं जठर. नुसतं पोट म्हणालात तरी ओ देईन. पण आधीच सांगतो, माझा कुणावर विश्वास नाही. वरून येईल ते अंधारात निमूट घ्यायचं, अशा जागी पन्नास वर्षं काढली की कुणीही संशयी होतं.

माझा धनी वडगावचा. घरातच पावरलूम, त्यावर साड्या विणतो. आईच्या दुधापासून झुणका-भाकरीपर्यंत सगळं मी पचवलं. तंबाखूचा रसही अधूनमधून गिळला जायचा. मला तो कधी आवडला नाही, पण तक्रार केली नाही.

दोन वर्षांपूर्वी मागापाशी उभं राहून राहून यल्लाप्पाची कंबर धरली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवायच गोळ्या आल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, बहुतेक उपाशीपोटीच. त्या आल्या की कंबर गप्प व्हायची. इतक्या गुणाच्या पाहुण्यांवर संशय कोण घेणार? मीही घेतला नाही.

मग माझी आग सुरू झाली. जेवण झालं की बेंबीच्या वर दुखायचं, मळमळायचं, करपट ढेकर यायचे. कुणावर तरी संशय घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तो त्याच्या बायकोच्या, मंगलच्या, लाल चटणीवर घेतला. यल्लाप्पानंही तेच केलं.

"किती तिखट घालतीस गं? जीव घेतीस काय माझा?"

"आवो, निम्मं केलंय की," ती म्हणायची.

तिनं चटणी बंद केली, मग फोडणीही. शेवटी नुसता दहीभात यायला लागला, तरी आग तशीच. यल्लाप्पा तिच्या माघारी डबे उघडून वास घेऊ लागला. तिनं स्वतःपुरतंही तिखट करणं सोडलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एकदा मनात पाल चुकचुकली की दहीभातही तिखट लागतो.

एका सकाळी त्याला डांबरासारखी काळी शी झाली आणि तो मागापाशीच चक्कर येऊन खाली बसला. मंगलनं रिक्षातून दवाखाना गाठला. कॅमेऱ्याची नळी माझ्यात उतरली. माझ्या अस्तराला जखम होती, तिच्यातून रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी एक कणभर तुकडा तपासायला नेला.

"दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"न्हाय ओ. कवातरी एखादी."

"रोज दोन," मंगल म्हणाली. "दोन वर्सं झाली. नको म्हटलं तर म्हणत्यात, तुझ्या चटणीपेक्षा बऱ्या."

डॉक्टरांनी समजावलं, तिखटानं जळजळ वाढते, पण अल्सर होत नाही. हा अल्सर गोळ्यांनी केला आणि माझ्यातच ठाण मांडून बसलेल्या एका जंतूनं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मला घरातला चोर दिसला नाही! लाज वाटली मला.

चौदा दिवस जंतूवरची औषधं झाली. आम्ल कमी करणारी गोळी अजून चालू आहे. दुखण्याच्या गोळ्या बंद, तंबाखू बंद. कंबरेसाठी डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. जखम भरत आलीय.

आज बऱ्याच महिन्यांनी ताटात चिमूटभर लाल चटणी आली. मंगलनं स्वतः अजून घास घेतला नव्हता. "जळतंय काय ओ?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाय," एवढंच म्हणून यल्लाप्पा खाली मान घालून जेवत राहिला.

यल्लाप्पा, चटणी मी पचवीन रे, तो माझा धंदाच आहे. पण तिला "चुकलं माझं" म्हणायला मला तोंड नाही. तुला आहे.