मोजून दिलेली भाजी

रायपूरजवळच्या बीरगावच्या वस्तीतल्या बाया सरलाला ‘भाजीवाली मॅडम’ म्हणत. ती भाजी विकत नव्हती. एकोणीस वर्षं ती तिथल्या अंगणवाडीची सेविका होती, आणि गर्भार बाई दारात आली की तिची खालची पापणी ओढून पाहायची, पांढरट दिसली की भाजीचं नाव काढायचं, हा तिचा नेम होता. लाल भाजी खा. चेचभाजी खा. मुळ्याचा पाला फेकू नको. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नको, वरून लिंबू पिळ. बाया हसायच्या, पण ऐकायच्या. सहायिका शांता तर म्हणायची, “दीदी, तोर बात मान के पारा के आधा लइका मन जियत हें.” तुझं ऐकूनच वस्तीतली अर्धी पोरं जगली. सरला वरवर तिला गप्प करायची, पण ते वाक्य तिला आवडायचं.

नवरा गुलाबराव सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात होता. घरी आला की आधी मोरीत जाऊन काळी धूळ धुवायचा आणि मगच बोलायचा. एकच मुलगी, रुचिता. रायपूर राजधानी झाल्यावर सरकारी कचेऱ्या वाढल्या, त्यातल्या एकीत तिला कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी लागली होती. टायपिंग इतकं झपाट्याचं की साहेब आपली पत्रं तिच्याकडेच पाठवायचे. आईवडील तिच्याशी मराठीत बोलायचे, ती उत्तर हिंदीत द्यायची. आईला मम्मी म्हणायची.

रुचिताच्या हृदयाची एक झडप खराब निघाली. अकरा वर्षांची असताना गुडघे सुजून ताप आला होता, तेव्हा कुणाला काही कळलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी कचेरीचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा उलगडा झाला की त्या तापानंच झडप खराब केली होती. जूनमध्ये नागपूरला ऑपरेशन झालं आणि धातूची झडप बसवली. सुटी देताना नर्सनं रुचिताला बसवून सगळं समजावलं. सरला तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभी होती. वर आल्यावर तिनं विचारलं, “काय म्हणाली वं?”

“कुछ नहीं मम्मी. खून पतला रखने की गोली है, रोज लेनी है. और जाँच.”

पावसाळा बरा गेला. पावसात पालेभाजी चिखलानं भरलेली, म्हणून सरला दुधी, दोडकी, भोपळा असंच करायची. दर महिन्याच्या तपासणीत रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा ठीक यायचा. पण रुचिताच्या अंगावर मांस काही चढत नव्हतं. गळ्याची हाडं दिसायची. वस्तीतल्या एका बाईनं सहज म्हटलं, “मॅडम, दुनियेले खाऊ घालता, तुमचीच पोट्टी सुकून राहिली.” ते सरलाच्या मनात रुतून बसलं.

दिवाळीनंतर आठवड्याच्या बाजारात हिरवेगार ढीग लागले. पालक, मेथी, लाल भाजी, चेच, तिवरा डाळीच्या रोपांचे कोवळे शेंडे. सरला पदर खोचून कामाला लागली. सकाळी मेथीचे पराठे, दुपारच्या डब्यात लाल भाजी, संध्याकाळी लसूण घालून पालकाचं पातळ, आणि ताटात वरून चेचभाजी. रुचिता खायची. चाटूनपुसून खायची. पंधरा दिवसांत तिच्या गालावर रंग आला, निदान सरलाला तरी तसा दिसला.

एकदा जेवताना गुलाबराव म्हणाला, “एकदा डॉक्टरले विचारून घे ना. ऑपरेशनचा पेशंट आहे. इतकी भाजी चालते का नाही.”

“भाजीनं कोणाचं वाईट होते?” सरला म्हणाली. “एकोणीस वर्षं मी हेच शिकवून राहिली. मले काय विचारा लागते?”

रुचितानं ताटातून मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. गुलाबरावानं विषय सोडला.

नोव्हेंबरच्या शेवटी तपासणीची तारीख होती. कचेरीत अधिवेशनाची कामं निघाली होती. रुचिता म्हणाली, अगले हफ्ते. तो हफ्ताही गेला.

डिसेंबरातल्या एका सकाळी रुचिता आरशासमोर केस विंचरत होती. कंगवा हातातून पडला. ती उचलायला वाकली आणि तशीच बाजूला कलंडली. सरला धावत आली तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि डोळे आईला काहीतरी सांगत होते, पण तोंडातून नुसता घशातला आवाज निघत होता. गुलाबराव पहिल्या पाळीला गेलेला. हाक ऐकून शांता आली, दोघींनी मिळून तिला ऑटोत घातलं. सबंध रस्ताभर सरला तिचा उजवा हात चोळत होती. तो हात ओल्या कपड्यासारखा जड झाला होता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं तपासणीचे कागद पाहिले आणि म्हणाला, “खून गाढ़ा हो गया था. वाल्व पर थक्का जमा, वही दिमाग में गया. गोली छोड़ दी थी क्या?”

“नाही, नाही. रोज माझ्यासमोर घ्यायची.”

“खाने में क्या देते थे?”

आणि सरला सांगू लागली. घाबरलेली होती, तरी या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. पालक, मेथी, लाल भाजी, चेच, तिन्ही वेळा, पाणी न ओतता शिजवलेली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरचा पेन थांबला आहे.

तो हळू आवाजात बोलला. गोळी रक्त पातळ ठेवते. हिरव्या पाल्यात जे सत्त्व असतं, ते त्याच गोळीला तोडतं. भाजी मना नाही, पण रोज सारखीच हवी. एकदम वाढवली की गोळी अपुरी पडते. मग त्यानं नागपूरची फाईल उलटली आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. “इसमें सब लिखा है. बेटी को समझाया गया था. दस्तखत उसी के हैं.”

खाली रुचिताची सही होती. ताशीव, सुंदर, उजव्या हाताची.

गुलाबराव दुपारी आला, कारखान्याच्या कपड्यांतच. सरला बाकावर बसली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला.

“तुम्ही म्हणाले होते, डॉक्टरले विचार,” ती म्हणाली. “बोला आता.”

“काय बोलू?”

“जे बोलाचं आहे ते. शिव्या द्या मले.”

“चहा घेते का?” गुलाबराव म्हणाला, आणि खरंच चहा आणायला गेला. त्यानं तिला दोष दिला नाही, त्या दिवशी नाही, पुढेही नाही. त्यानं एकदा तोंड उघडून ओरडायला हवं होतं, म्हणजे तिला त्याच्यासमोर रडता आलं असतं. तो नुसता चहा आणायचा आणि पेला तिच्या हातात द्यायचा.

एकवीस दिवसांनी रुचिता घरी आली. उजवा पाय फरफटत होता, हात छातीशी दुमडलेला राहायचा, बोलणं गेलेलं. कचेरीनं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. सरलानं रजा काढली. घरात पाल्याचं एक पान आणलं नाही. बाजारात भाजीच्या ढिगांसमोरून जाताना ती दुसरीकडे बघायची. वरण, भात, भोपळा. स्वतःच्या ताटातसुद्धा तेच. मीठ किती घालावं हेही तिला कळेनासं झालं. हात डब्यात जायचा आणि तिथंच थांबायचा. एका संध्याकाळी गुलाबराव पाळीवरून आला तेव्हा ती शेगडीपुढे नुसती बसलेली होती, गॅस पेटवलेला आणि वर भांडं नाही. त्यानं हात धुतले, तिला खांद्याला धरून उठवलं, आणि स्वतः भोपळा चिरायला घेतला. त्या दिवसापासून स्वयंपाक तोच करू लागला. जाडजूड फोडी, अर्धवट शिजलेल्या. सरला उंबऱ्याशी बसून त्याच्याकडे पाहायची. मी करते, असं तिला म्हणवत नव्हतं.

फेब्रुवारीत रुचिताचे शब्द परतायला लागले, एकेक करून, दमत दमत. गंमत म्हणजे ते मराठीत आले. आधी पाणी. मग दुखते. आणि एका दुपारी सरला तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, “आई.”

जन्मात तिनं सरलाला आई म्हटलं नव्हतं. सरलाच्या हातातला कंगवा तिथंच राहिला. इतके दिवस गिळून ठेवलेला प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला.

“बेटा, तुले माहीत होतं ना? नर्सनं सांगितलं होतं, तू सही केली. मग काहून नाही सांगितलं मले? काहून खात राहिली?”

रुचितानं बराच वेळ शब्द शोधला. ओठ हलले, बंद झाले, कपाळावर आठी पडली. मग डाव्या हाताचं बोट तिनं आईच्या छातीला लावलं.

“तू,” ती म्हणाली. थांबली. “खुश.”

सरलानं तिचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. तिला वाटलं होतं, खरं कळलं तर निदान अर्धं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, दुप्पट झालं. पोरगी विसरली असती, आळस केला असता, तर तिच्यावर रागावता तरी आलं असतं. पण ती आईसाठी जेवत होती. घासागणिक जेवत होती आणि आई तिला वाढत होती.

मार्चमध्ये तपासणीला नेलं तेव्हा आकडा दुसऱ्या टोकाला गेला होता, रक्त फार पातळ. डॉक्टर म्हणाला, भाजी अजिबात बंद करणंही बरोबर नाही. रोज एक छोटी वाटी द्या, शिजवलेली, रोज तेवढीच. त्या हिशेबानं गोळी बसवू. सरला ऐकत होती, पण तिच्याकडून होकार येईना. शेवटी गुलाबराव म्हणाला, “हव, देऊ.”

येताना तो बाजारात उतरला आणि लाल भाजीची एक जुडी घेऊन आला. घरी आल्यावर ती त्यानं ओट्यावर ठेवली आणि सरलाकडे पाहिलं. “मले नाही येत ही करता,” तो म्हणाला. “तू कर.”

सरला उठली. पानं निवडली, तीन पाण्यांतून धुतली. कढईत लसूण टाकला तसा घरभर वास गेला, आणि आतल्या खोलीतून रुचिताचा काहीतरी आवाज आला. कितीतरी दिवसांनी असा वास या घरात येत होता. सरलानं सगळ्यांत लहान वाटी काढली, भाजी भरली, चमच्याच्या पाठीनं वर सपाट केली.

रुचिता डाव्या हातानं जेवली. सांडत, उशीर लावत. आधी भाजीच संपवली. वाटीच्या तळाचं लालभडक पाणीही बोटानं चाटलं. मग वाटी आईपुढे धरली.

“अजून.”

“नाही बेटा. बस झालं.”

“आई. अजून.”

“उद्या. उद्या इतकीच देईन.”

रुचिताचं तोंड लहान पोरीसारखं वाकडं झालं. जोर लावून तिनं शब्द काढला, “भूक.” सरलानं तिच्यापुढे वरणभात सरकवला. तिनं मान फिरवली.

कढईत पाव किलोची भाजी होती, कोवळी, ताजी, जशी सरला आयुष्यभर बायांना खायला सांगत आली तशी. ती घेऊन सरला मोरीपाशी गेली. ओतून देववेना, वाढताही येईना. गुलाबराव आपलं ताट घेऊन मागून आला आणि तिच्यापुढे धरलं.

“मले वाढ,” तो म्हणाला.

तिनं वाढली. तो तिथंच उभा राहून खाऊ लागला, आणि आतल्या खोलीत रुचिता रडत होती ते दोघांनाही ऐकू येत होतं.