रेडिएटरला पाणी

"बाबा, काच वर करा ना!" मी ओरडले.

"बंदच आहे गं," ते म्हणाले.

मग हा गार वारा येतोय कुठून? हात लावून बघितलं तर हीटरमधून. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, आणि येतेय काय, तर बर्फासारखी हवा!

जपानमधल्या नागानोच्या त्या घाटात सकाळपासून बर्फ पडत होता. मी सफरचंदांवर संशोधन करते. इथल्या एका बागवाल्या आजोबांकडून हा जुनाट ट्रक हौसेने घेतला होता. बाबा पुण्याहून आलेत, तर त्यांना डोंगरापलीकडचं गाव दाखवू म्हटलं. त्यांची बायपास झालेली. थंडीपासून जपा, कापरं भरून ते आपोआप थांबलं तर जास्तच धोका, असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. आणि मी शहाणी त्यांना घेऊन घाटात निघाले!

तेवढ्यात तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बाहेर सगळं गोठलेलं आणि इंजिन तापतंय? गाडी कडेला घेऊन मी बॉनेट उघडलं आणि चारुदत्तला, म्हणजे नवऱ्याला, फोन लावला. तो टोकियोत, तोयोसुच्या ऑफिसात असतो, पण गाड्यांचं त्याला कळतं.

"रेडिएटरचा वरचा पाइप बघ. जपून."

"भाजतोय."

"खालचा?"

"गारठलाय. दगड झालाय नुसता."

"उल्का, आत काय घातलंयस?"

"कूलंट. मेकॅनिकनेच भरलंय."

"मी घालतो की पाणी," बाबा खिडकीतून म्हणाले. "रोज सकाळी बाटलीभर. कमी झालेलं दिसायचं. म्हटलं, तेवढीच तुला मदत."

चारुदत्तने ऐकलं. "साधं पाणी? काल रात्री पारा उणे बारावर होता! आत बर्फ झालाय. इंजिन बंद कर. रेडिएटर फुटला असेल तर वितळल्यावर कळेल. मी मदत पाठवतो."

माझं डोकंच फिरलं. "कुणी सांगितलं होतं नसता उद्योग करायला?" मी बाबांवर खेकसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

मी इंजिन बंद करेपर्यंत ते खाली उतरले. वाटेतल्या कोनबिनीच्या दुकानातून थर्मास भरून घेतलेला गरम चहा त्यांनी सगळाच्या सगळा रेडिएटरवर ओतला. मग अंगावरची शाल काढून त्यावर गुंडाळली.

"अहो, काय करताय! आत बसा!"

"ऊब लागली की सुटेल गं."

मी त्यांना ओढत आत बसवलं, माझं जॅकेट घातलं. ते लटलट कापत होते. परत पुढे गेले तर ट्रकखाली थेंब पडत होते. बघता बघता धार लागली. रेडिएटर फुटला होता.

फोन वाजला. खालचा रस्ता बर्फाने बंद झालाय, मदतीची गाडी कधी पोचेल सांगता येत नाही, असं चारुदत्तने सांगितलं. मला रडू फुटलं. डोळे पुसून आत बसले.

"सुटला का बर्फ?" बाबांचे ओठ निळसर पडले होते.

"सुटला."

"मग लाव ना हीटर."

खरं सांगायचा मला धीर झाला नाही. इंजिन न लावताच किल्ली फिरवली. पंखा सुरू झाला, तीच गार हवा आली. बाबांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. त्यांचं कापणं थांबलं होतं.

"आता कसं," ते हसून म्हणाले, "छान गरम येतंय."