ऑस्करचे शेजारी

विज्ञान शिकवणाऱ्या प्रियदर्शिनीने प्रयोगशाळेतल्या टाकीतून मेलेला एंजल मासा जाळीने उचलून वर्तमानपत्रावर ठेवला. त्याचे पर कुरतडलेले होते. महिन्याभरातला हा तिसरा. टाकीच्या कोपऱ्यात, आपल्या दगडांमध्ये, ऑस्कर संथपणे कल्ले हलवत होता. दक्षिण अमेरिकेतल्या जातीचा हा वीतभर मासा एका पालकाने बदलीवर जाताना बोईसरच्या या शाळेला दिला होता.

"शनिवारपर्यंत टाकी हलवा, मॅडम," मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले. "मुलं रडतात."

"शेवटचा एक प्रयत्न करून बघते, सर."

या वेळी तिने रंगरूप पाहिलं नाही. त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे, चपळ, थव्याने राहणारे पाच सिल्व्हर डॉलर मासे तिने पालघरच्या दुकानातून निवडून आणले. शुक्रवारी त्यांची पिशवी टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली, तर ऑस्कर खालून तिला धडका देऊ लागला. तिने तरीही पिशवीची गाठ सोडायला घेतली.

प्रयोगशाळेतले शिपाई जिव्याकाका झाडू ठेवून जवळ आले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

"असं नका सोडू, मॅडम. आदी त्याला बाहेर काडा. सगले दगड हालवा."

"त्याने काय होईल?"

"त्याची जागा त्याला वलखू नाय आली पायजे. मंग सगल्यांना एकदम सोडा."

ऑस्करला बादलीत घेताना दोघंही भिजले. दगड फिरवले, लाकडाचा ओंडका उभा केला, आणि सहाही मासे एकाच वेळी पाण्यात सोडले.

ऑस्कर त्याच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. तो वळला, एकदा थव्यावर धावला. थवा फुटला आणि पुन्हा जुळला. मग तोही इतरांसारखाच काचेच्या कडेने जागा शोधत फिरू लागला.

शनिवारी मुख्याध्यापक बराच वेळ टाकीसमोर उभे राहिले. टाकी हलवण्याचा विषय न काढता परत गेले.

"काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" प्रियदर्शिनीने विचारलं.

जिव्याकाका फडकं पिळत होते.

"धरनात गाव गेलं तवा मी पंदरा वर्सांचा. निम्मे लोक पयले नव्या जागी नेले. आमाला दुसऱ्या वर्सी. त्या पयल्यांनी आमाला विहिरीवर पानी भरू नाय दिलं. सगल्यांना एकाच दिवशी नेलं असतं, तर..."

फडकं झटकून त्यांनी खिडकीच्या गजावर वाळत घातलं.

"आमचेच सोयरे होते ते," ते म्हणाले.