नवसाबाई क्लास निवडतात

पहाटे साडेपाचला गणेशवाडीच्या फुलबाजारात जायचं, आपल्या वावरातला झेंडू आपल्या हातानं विकायचा आणि उभ्या उभ्या चहा प्यायचा, एवढंच नवसाबाईंचं जग होतं आणि त्या जगाविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार सुनेची होती. मखमलाबाद रस्त्यावर शेजारच्या सविताची गळ्यातली पोत मोटारसायकलवाल्यांनी ओढून नेली, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नवसाबाईंच्या रिपोर्टात साखरेच्या आकड्याखाली लाल रेघ मारली, आणि दीपमालानं दोन्ही बातम्या एकत्र करून निकाल दिला: सासूबाईंनी बाजार बंद करावा. घरी बसून माळा ओवाव्यात.

"घरी बसवलंस तर मी आठ दिवसांत जाते बघ वर," नवसाबाई म्हणाल्या.

दीपमाला मानसशास्त्रात बी.ए. होती. धमकी खरी आहे हे तिनं ओळखलं आणि तोडगा काढला. तब्येतीला व्यायाम आणि अंगाला संरक्षण, दोन्ही देणारा एक क्लास लावायचा. महिन्यानंतर दीपमाला कधीही मागून येऊन धरेल. सुटून दाखवलं तर बाजार, नाही तर माळा.

नवसाबाईंनी जन्मात कधी दाबून बघितल्याशिवाय वांगं घेतलं नव्हतं. क्लासही त्यांनी तसाच घ्यायचा ठरवला.

पहिला कराटेचा. स्वराज सर सव्वीस वर्षांचे, पोट अजिबात नाही. नवसाबाईंनी पांढरा ड्रेस नऊवारीवरूनच चढवला. प्रत्येक ठोशाला पोटातून आवाज काढा, असं सर म्हणाले. बाजारात चाळीस वर्षं भाव पुकारणाऱ्या बाईला हे सांगण्याची गरज नव्हती. आवाज निघाला तशी पुढच्या रांगेतली दोन पोरं रडली आणि खालचा मेडिकलवाला जिना चढून वर आला. काळा पट्टा मिळायला तीन वर्षं लागतील, हे ऐकून नवसाबाईंनी सरांचा दंड दाबून बघितला, कवळा हाय अजून असं सांगितलं आणि निरोप घेतला.

दुसरा 'ताई ची' नावाच्या चिनी व्यायामाचा, जॉगिंग ट्रॅकवर. तिथं बँकेतून निवृत्त झालेली मंडळी अत्यंत सावकाश हवा ढकलत होती. गुडघ्यांना बरं वाटलं, हे नवसाबाईंनी प्रामाणिकपणे कबूल केलं. फक्त पोत ओढणारा तेवढा वेळ थांबेल का, एवढं त्यांनी विचारलं. उत्तरही सावकाशच येत होतं, म्हणून त्या निघाल्या.

तिसरा ज्युदोचा. रेहाना मॅडम जुन्या नाशकातल्या, बोलायला मऊ. आधी पडायला शिकायचं, त्या म्हणाल्या. ते मला येतं, नवसाबाई म्हणाल्या.

"बरं मावशी, मी मागून धरते. घाबरायचं नाही," असं म्हणत मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता, झेंडूच्या वावरात मागून खांद्यावर हात पडला की त्याचा एकच अर्थ असतो: गोणी भरली. मग कुणी बोलत नाही. बाई गुडघ्यात वाकते, हात मागे नेऊन गोणीचे कान धरते आणि उठते. नवसाबाई वाकल्या, जे हाताला लागलं ते धरलं आणि उठल्या. रेहाना मॅडम पाठीवर आल्या. नवसाबाई दाराकडे चालू लागल्या, कारण टेम्पो नेहमी दारात असतो.

"कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"इथंच, मावशी. मॅटवर," वरून मॅडम म्हणाल्या.

हा डाव जमायला मॅडमना दीड वर्ष लागलं होतं. क्लास ठरला.

महिनाभर नवसाबाई घाम गाळून शिकल्या. एकच खोड जाईना: उचललेलं माणूस त्या आपटायच्या नाहीत, हळूच ठेवायच्या. आपटलं की फुलं चेंबतात. मॅडमनी सांगून सांगून शेवटी हात टेकले.

परीक्षा एका गुरुवारी पहाटे झाली. गोण्या भरून झाल्या होत्या, टेम्पोवाला चंदर इंजिन चालू करून बसला होता. दीपमाला गाऊनवरच पावलं न वाजवता आली आणि तिनं मागून सासूच्या खांद्यांना घट्ट धरलं.

नवसाबाई वाकल्या, उठल्या, अंगण ओलांडलं आणि सुनेला दोन गोण्यांच्या मधे अलगद ठेवलं. मग स्वतः शेजारी चढून बसल्या. चंदरनं सवयीनं टेम्पोचा मागचा फळका लावला आणि गाडी काढली.

"अहो आई, मी गाऊनवर आहे," दीपमाला म्हणाली. मग तिला हसू फुटलं आणि पंचवटी येईपर्यंत ते थांबेना. चंदर आरशात बघून हसत होता, कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं.

"पास का नाय, तेवढं सांग," नवसाबाई म्हणाल्या.

"पास. पण पकड मी पुन्हा तपासणार. उद्यापासून रोज."

"मग उद्या साडी नेसून ये."

बाजारात दिवे लागलेले होते. सासूचा रुमाल गाऊनवर पदरासारखा घेऊन दीपमाला पहिल्यांदाच झेंडू मोजून देत होती, आणि नवसाबाईंनी चहावाल्याला दुरूनच दोन बोटं दाखवली, मग त्यातलं एक हलवून सांगितलं, बिनसाखरेचा.