टॉवेलाखालची पिशवी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोचाही बसलेला नाही. पण दादाच्या संपावर गेलेल्या दोन्ही किडन्या कामावर परत आणल्या त्या मी, नुसत्या नजरेच्या धाकाने!

डॉक्टरांनी दादाचं पोट उघडून आतडं कापलं. केवढं? अंथरलं असतं तर फाटकापर्यंत गेलं असतं. उरलेल्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलंय. ते आत घालायचं ऑपरेशन सोमवारी आहे, आणि सोबतीला कोण बसणार म्हणून वहिनी सकाळपासून जिवाला घोर लावून बसलीय. अनुभवी दीर घरात असताना घोर कसला?

आतडं कापलं त्या खेपेला नर्सबाईंनी मला बजावलं होतं, "काका, खाटेला ही पिशवी टांगलीय. लघवी उतरतेय का बघत राहा. थांबली तर लगेच हाक मारा. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर किडन्या बंद पडू शकतात."

झालं! मी नजर रोखली ती रोखली. पिशवीवर माशी बसायला धजावेना.

"पण काका, मी आले तेव्हा पिशवीवर टॉवेल होता," पुतणी म्हणाली.

"अगं, तुझे आजोबा, मामा-मामी भेटायला आलेले. चारचौघांत ते... तसलं काहीतरी लोंबतंय, बरं दिसतं का? पण माझी नजर टॉवेलातून आरपार जाते."

"एक्स-रे काका!" ती खिदळली. वहिनी हसली नाही.

"मग काय झालं, भाऊजी?"

माझे कान तापले. चहा गरम होता, त्यामुळे असेल.

मग काय! पिशवी कोरडी दिसताच मी अशी आरोळी ठोकली, की खालच्या मजल्यावरचा पाय मोडलेला माणूस जिना चढून आला. डॉक्टर धावले, रक्त तपासलं, दादाला रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घेतलं. मोठे डॉक्टर माझी पाठ थोपटून म्हणाले... काय बरं म्हणाले... हं, "तुम्ही होतात म्हणून वाचले."

वहिनीने पदराला हात पुसले. "म्हणजे सोमवारी भाऊजींनाच..."

"नको."

खुर्चीत दादा डोळे मिटून पडला होता. ते उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपातली साय न्याहाळू लागलो.

"आरोळी नर्सने ठोकली, संध्याकाळी टॉवेल उचलल्यावर. त्याआधी दुपारी माझ्या सासऱ्यांसमोर तिने तुला विचारलं होतं, लघवी होतेय का म्हणून. तू लाजून म्हणालास, 'भरपूर, भरपूर.' पिशवीकडे बघितलंही नाहीस. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, पण मी जागा होतो रे."