गाडीखालची गोपद्मं

टण्ण.

जेवणाच्या टेबलावर कोणीच बोलत नव्हतं, म्हणून रिकाम्या डब्यात चावी पडल्याचा आवाज फारच मोठा वाटला. दिवाळीला चिवड्यासाठी काढतो तो स्टीलचा डबा. नानांनी झाकण लावलं, डबा फ्रिजवर ठेवला, आणि परत येऊन शांतपणे ताकात मीठ घातलं.

"नक्की काय ते कळेपर्यंत गाडी साकेतच चालवेल," ते म्हणाले. "यात रागावण्यासारखं काही नाही, क्षिप्रा."

नाना माझे सासरे. मी रागावले नव्हते. म्हणजे तोपर्यंत तरी नव्हते.

झालं होतं असं, की पाचच मिनिटांपूर्वी सर्व्हिस सेंटरच्या रत्नदीपचा फोन आलेला. गाडी मी सकाळी तिथे दाखवून आणली होती, नंबर माझा दिला होता, पण फोन केला माझ्या नवऱ्याला. साकेतचे हात वरणाने माखलेले, म्हणून फोन स्पीकरवर. रत्नदीप म्हणाला, गाडी ऑइल पिते असं मॅडम सांगतायत, पण इंजिन ओके आहे सर, खालचं चेंबर कुठेतरी घासलंय, तिथून ऑइल गळतंय. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली असतं ते ऑइलचं भांडं. ते स्पीड ब्रेकरवर आपटलं तर वॉरंटी नाही. मग जरा आवाज उतरवून त्याने विचारलं, "गाडी मॅडमच चालवतात ना जास्त करून?"

"हो, जास्त तीच," साकेत म्हणाला.

तेवढंच म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण टेबलावरचे सगळे माझ्या ताटाकडे बघायला लागले.

पहिल्यांदा हे पावसाळ्याआधी शीळफाट्याला झालं होतं. मागच्या सीटवरून सान्वीला आधी दिसलं. डॅशबोर्डवर ऑइलच्या भांड्याचं लाल चित्र पेटतं, ते तिला किटली वाटतं. "आई, कि... कि... किटली लागली," ती म्हणाली. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, इंजिन निवू दिलं, डिपस्टिक ओढून पाहिली. टोकाला नावापुरतं ऑइल. सर्व्हिसिंग होऊन फार दिवसही झाले नव्हते. ऑइल घातलं, पुढे गेलो. काही आठवड्यांनी पुन्हा किटली. मग सवयच लागली; डिकीत सान्वीच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ऑइलचा कॅन राहायला आला. सकाळी गाडी चालू केली की मागून निळसर धूर निघायचा. आमचे वॉचमन धाकूमामा म्हणायचे, ताई, तुमच्यामुळे पार्किंगमधले मच्छर पळाले, सोसायटीची फवारणी वाचली.

हसायचे मीही. पण ही गाडी म्हणजे काय होतं ते सांगायला हवं.

सान्वीचे शब्द अडतात. दर गुरुवारी तिला ठाण्याला स्पीच थेरपीला नेते. घरात तिचा शब्द अडला की सगळे धावतात, जसं कोणी जिन्यावर घसरलंय. नाना शब्द पुरवतात, साकेत पुरवतो, पूर्वी मीही पुरवायचे. मग ती मान हलवते आणि बोलणं सोडून देते. गाडीत मात्र ती मागे, मी पुढे, कोणी तिच्या तोंडाकडे बघत नाही. मानपाडा सोडलं की तिचं सुरू होतं. शाळेतल्या मांजरापासून देव दात घासतो का इथपर्यंत. अडते, थांबते, पुन्हा निघते. थेरपिस्ट बाई एकदा म्हणाल्या, माझ्या तासापेक्षा तुमचा रस्ता जास्त काम करतोय.

ती चावी डब्यात पडली होती.

रात्रीची भांडी आवरताना साकेत आला. म्हणाला, नानांचं मनावर घेऊ नकोस, थोडे दिवस मी नेतो तिला. गुरुवारी तुला सुट्टी असते का, मी विचारलं. तो भांडी पुसायला लागला.

"साकेत, गळत असेल तर खाली पडायला नको? पार्किंगच्या फरशीवर मला एक डाग दाखव."

"मग जातं कुठे?"

"आत जळतं. म्हणून धूर निघतो."

"अगं, तो रत्नदीप रोज शंभर गाड्या बघतो."

"आणि मी रोज ही एक बघते."

नवी गाडी आली त्याच महिन्यात ह्याच माणसाने ती पार्किंगच्या खांबाला घासली होती. तेव्हा नाना म्हणाले होते, बिल्डरने खांबच चुकीच्या जागी टाकलाय. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. सान्वीने ओरखड्यावर बँडेड लावलं होतं, ते अर्धं अजून तिथे आहे. त्या संध्याकाळी आइस्क्रीम खाल्लं होतं, आणि तिथवर गाडी साकेतनेच चालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सासूबाई उंबऱ्याशी बसून गोपद्मं काढत होत्या. चातुर्मासात रोज तेहेतीस काढतात. गाईच्या खुरांच्या इवल्या इवल्या जोड्या, शुभ्र रांगोळीच्या. मी चहाचा कप घेऊन बघत उभी राहिले.

"आई, ही दारातच काढावी लागतात?"

"तुळशीपाशी, देवापाशी, गोठ्यात. गाय असेल तिथे तर चांगलंच."

"यांच्यावर तेलाचा थेंब पडला तर दिसेल?"

"मुंगी चालली तरी दिसेल." त्यांनी बोटांची चिमूट तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या सासूबाई, वासंती त्यांचं नाव, फार बोलत नाहीत. त्या गाडीत कायम मागे बसतात आणि वळणावर हँडल घट्ट धरतात. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडी मागे घ्यावी लागेल मग. मला गाडीखाली वाकून काढता यायचं नाही."

त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि पेपर वाचणाऱ्या नानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चावी द्या म्हणाल्या. साकेत आल्यावर काढेल गाडी, नाना पेपरातूनच बोलले.

"व्रत संध्याकाळी करतात? माझा चातुर्मास मोडला तर तुम्ही घेणार अंगावर?"

नानांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. पण व्रतापुढे युक्तिवाद करायची त्यांची सवय नव्हती. डबा खाली आला.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. सकाळी मी गाडी मागे घ्यायची, आईंनी फरशी झाडून पुसायची, इंजिन येतं बरोबर त्या जागी गोपद्मं काढायची, मग मी गाडी हळूच पुढे आणून त्यांच्यावर उभी करायची आणि चावी परत डब्यात. दुसऱ्या सकाळी मागे घ्यावी तर खूर जसेच्या तसे. फार तर एका बाजूने मांजर चालत गेलेलं. मी फोटो काढायचे, आई पुसून नवी काढायच्या. तळमजल्यावरच्या उत्तराकाकूंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून विचारलंच, काय गं क्षिप्रा, गाडीचं डोहाळजेवण कधी? मला काही सुचायच्या आत आई म्हणाल्या, "ओटी भरायला तुम्हालाच बोलावू."

गुरुवार आला. मी सान्वीचे बूट बांधले, पर्स घेतली. नानांनी विचारलं, चावी पार्किंगपुरती दिली होती ना?

"सान्वीचा क्लास आहे. मी जातेय, नाना."

आधी मी असं कधी बोलले नव्हते. "जाऊ का" म्हणायचे. पेपर नुसता सळसळला.

मुंब्रा बायपासच्या चढावर आरशात निळा धूर दिसत होता आणि मागे सान्वी सांगत होती की मांजराला पिल्लं झाली आहेत. असे काही गुरुवार गेले. डिपस्टिकवरचं ऑइल उतरत राहिलं आणि गाडीखालची गोपद्मं पांढरीच राहिली. मग एका सकाळी मी गाडी सर्व्हिस सेंटरला घातली. सान्वीला शाळेला सुट्टी होती. आई म्हणाल्या, मीही येते. आणि पुढच्या सीटवर बसल्या.

तिथे त्या दिवशी नव्या गाड्यांची डिलिव्हरी चालली होती. बॉनेटवर रिबिनी, टायरखाली लिंबं, हातात पेढ्यांचे बॉक्स. रत्नदीप हसत आला आणि माझ्या मागे बघून म्हणाला, सर नाही आले?

"गाडी मी चालवते, म्हणून मी आलेय. गळती कुठे आहे ती दाखवा."

तो समजावायला लागला. मॅडम, टर्बो पेट्रोलमध्ये थोडं ऑइल कन्झम्प्शन नॉर्मल असतं, त्यात चेंबरला मार लागलेला, त्यात लेडीज लोक हाफ क्लचवर... मी फोनमधले फोटो पुढे केले तर त्याने ते न बघताच साकेतला फोन लावला. सर, जरा मॅडमना तुम्हीच सांगा ना. मी हात पुढे करून स्पीकर सुरू केला. मला त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"ती समोर उभी आहे ना तुमच्या?" तो शेवटी म्हणाला. "मग जे सांगायचं ते तिला सांगा."

हे त्याला त्या दिवशी जेवताना सुचलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. पण आलं आणि गेलं. कारण तेवढ्यात आईंनी पर्समधून रांगोळीची डबी काढली होती.

"कुठे गळतंय म्हणता? इथे?" वर्कशॉपच्या करड्या फरशीवर त्या खाली बसल्या, सुती साडीचे काठ सावरून. एक फडकं मागितलं, फरशी स्वतः पुसली आणि काढायला लागल्या.

"काकू, इथे रांगोळी अलाउड नाही," रत्नदीप म्हणाला.

"गळती आहे म्हणताय ना तुम्ही? मग आपोआप खराब होईल. घाबरता कशाला?"

पेढ्यांचे बॉक्स धरलेले लोक जवळ सरकले. गोपद्मं पूर्ण होईपर्यंत कोणी हललं नाही. मग मी गाडी त्यांच्यावर आणली, बंद केली नाही, न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलरेटर दाबत राहिले. इंजिन चांगलं तापलं. मागे निळसर ढग उठला, रिबिनी लावलेल्या गाडीवर गेला. बायकांनी नाकाला पदर लावले. सान्वी आजीचा हात धरून खाली वाकून बघत होती. गाडी मागे घेतली. सगळे खूर पांढरे.

आमच्यासारखीच गाडी न्यायला आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी रत्नदीपला अगदी सौम्यपणे विचारलं, "हे आमच्या गाडीतही होणार का?"

मग मात्र केबिनमधून मॅनेजर आले. गाडी रॅम्पवर चढली. मी खाली जाऊन उभी राहिले, मॅडम प्लीज बाहेर थांबा म्हणाले तरी. चेंबरवर ऑइलचा डाग होता खरा. मी म्हटलं, पुसा. पुसल्यावर खाली ना ओरखडा, ना पोचा. मागच्या वेळी फिल्टर बदलताना त्यांच्याच हातून सांडलेलं ऑइल होतं ते. मॅनेजरने रत्नदीपकडे पाहिलं, रत्नदीपने जॅककडे.

त्यांनी ऑइल पूर्ण भरलं, झाकणाला आणि डिपस्टिकला सील लावलं आणि म्हणाले, गाडी चालवून आणा. मी काही आठवडे चालवली. ठाणे, कल्याण, परत ठाणे. सान्वीने मागे बसून शाळेतल्या मांजराच्या सगळ्या पिल्लांची नावं ठेवली. परत नेली तेव्हा सील शाबूत आणि ऑइल खूपच खाली. इंजिन उघडलं तर पिस्टनच्या रिंगा खराब निघाल्या, मुळातूनच; त्यांच्यामुळेच ऑइल आत जळत होतं. वॉरंटीत बदलून मिळाल्या. रत्नदीप म्हणाला, मॅडम, असं लाखात एखाद्या गाडीत होतं. मी म्हटलं, मग पुढच्या बाईला आधी विचारा, नंतर तिच्या नवऱ्याला फोन करा.

नानांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी चावी डब्यातून काढून दाराजवळच्या खिळ्याला लावली. "म्हणजे गाडीतच दोष होता," ते म्हणाले, जणू आत्ताच त्यांनी शोधून काढलंय. आईंनी डबा उचलला आणि घासायला टाकला. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. साकेतने माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाला, तूच फोड.

नंतरच्या गुरुवारी ठाण्याहून परतताना शीळफाट्याच्या सिग्नलला थांबलो होतो. बॉनेटवरचा हार वाळून गेलेला. डॅशबोर्डवर किटली नव्हती, आरशात धूर नव्हता. मी स्वतःवर जरा खूश होते, खरं सांगते. गाणं गुणगुणत होते.

मागे सान्वी बराच वेळ गप्प होती. तिचं असं असतं, आत वाक्य जुळवत असते. मग ती सुरू झाली आणि एका शब्दावर अडली. मी पुरवला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून थांबले. सिग्नल सुटला, मागून रिक्षावाले हॉर्न मारायला लागले, तरी थांबले.

"आई, बाबांनी गाडी खांबाला ठो... ठो... ठोकली होती ना, तेव्हा त्यांची चावी कुठल्या डब्यात ठेवली होती?"