माझा लाल दिवा लागेना

मित्रांनो, मेडशी गावात चतुराबाईंच्या घरी हाताच्या पंजाएवढा एक निळा म्युझिक प्लेअर आहे. तो मीच. माझ्या कडेचा रंग उडाला आहे, गळ्यातला पट्टा मूळचा नाही आणि स्पीकरच्या जाळीला एक पोचा पडला आहे. माणसांमध्ये चार-पाच वर्षांच्या पोराला लहान म्हणतात. आमच्यात तेवढ्या वयाला म्हातारपण म्हणतात.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कोणी माझ्या पोटात बॅटरी बसवली, कोणी पाठीला झाकण लावले. शेवटी एका मुलीने मला कानाशी धरून गाणे ऐकले आणि समाधानाने मान हलवली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. मग खोक्यात बसून मी अकोल्याच्या एका दुकानात आलो. तिथून गोपालने मला आपल्या वडिलांसाठी घेतले.

गोपालचे वडील म्हणजे चतुराबाईंचे नवरे, दौलतराव. ते शेतकरी होते आणि गावच्या भजनी मंडळात पुढे बसून म्हणणारे होते. त्यांचा आवाज असा खणखणीत की शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक जायची. ते मला बाभळीच्या फांदीला अडकवून हळदीला पाणी द्यायचे. मी भजने वाजवायचो आणि ते माझ्यावर ताण करून म्हणायचे. निंदणाला आलेल्या बायका म्हणायच्या, "दादा, थो डबा मोठ्यानं करा ना जरा!" मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पुढे दौलतरावांकडे मोठ्या पडद्याचा फोन आला. त्यात गाणीही होती आणि चित्रेही. मी फळीवर गेलो, फवारणीच्या पंपाच्या नळीशेजारी. माझ्यावर धूळ बसली. कोणी मला वाईट बोलले नाही, कारण कोणाला माझी आठवणच नव्हती.

मग ते दिवस आले. हळद शिजवण्याचा हंगाम होता. दौलतराव ढिगाजवळ उभे राहून गड्यांना काही सांगत होते आणि सांगता सांगता खाली बसले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा चालू शकत होते, पण त्यांचे शब्द हरवले होते. मनात सगळे असायचे, ओठांपर्यंत यायचे नाही. पाणी हवे असले तरी ते "हो, हो" एवढेच म्हणायचे आणि आपल्याला साधे पाणीही मागता येत नाही म्हणून मांडीवर मूठ आपटायचे.

एक दिवस त्यांच्या सुनेने, गोपालच्या बायकोने, योगिनीने, फळी पुसताना मला चार्ज केले आणि सहज सुरू केले. मी जुने भजन वाजवू लागलो. अंगणातल्या बाजेवरून कोणीतरी माझ्याबरोबर म्हणू लागले. शब्दांसकट! योगिनी धावत बाहेर आली. चतुराबाई पिठाच्या हाताने चुलीपासून उठून आल्या. दौलतराव डोळे मिटून म्हणत होते.

अकोल्याला वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितले, "गेलेली वाचा कधी कधी चालीवर परत येते. रोजची वाक्यं त्यांना गाण्यासारखी म्हणायला द्या." माझ्या अंगावर आवाज टिपून घेण्याचे एक बटण आहे. चतुराबाईंनी ते दाबून माझ्या पोटात आपला आवाज भरला. जात्यावर म्हणतात तशा चालीत त्या म्हणायच्या, "पाणी द्या... भूक लागली... चहात साखर नाही..." आणि सर्वांत शेवटी त्यांच्या लेकीचे नाव, "सुप्रिया."

तुम्ही विचाराल, चतुराबाई घरातच होत्या, तर मग माझी गरज काय? त्याचे असे आहे. बायकोने म्हणावे आणि आपण लहान मुलासारखे तिच्यामागून चुकत म्हणावे, याची दौलतरावांना लाज वाटायची. सून समोर आली की ते गप्प बसायचे. पण मला बंडीच्या खिशात टाकून ते गोठ्यामागे जायचे. डाव्या अंगठ्याने माझे गोल बटण दाबायचे, ऐकायचे, चुकायचे आणि पुन्हा दाबायचे. मी कधी कंटाळलो नाही, कधी हसलो नाही. "पाणी द्या" त्यांना आधी जमले. चहाची तक्रारही जमली. अडले ते सुप्रियाच्या नावाशी. त्यातला "प्रि" जिभेला सापडेना. "सुपिया" म्हणून ते थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत उंदराने माझ्या जुन्या चार्जरची वायर कुरतडून टाकली. योगिनी म्हणाली, "काही हरकत नाही, मामाजी. माह्या फोनच्या चार्जरनं लावून देतो." तिचा फोन नवा होता. त्याच्या वायरची दोन्ही टोके बारीक होती. टोक माझ्यात नीट बसले, पण चार्ज होताना लागतो तो माझा लाल दिवा लागला नाही. माझ्यात थोडी शक्ती उरली होती तोवर मी चतुराबाईंचा आवाज ऐकवत राहिलो. मग एका दुपारी "सुप्रिया" म्हणता म्हणता माझाच आवाज बारीक झाला आणि मी बंद पडलो.

दौलतरावांनी मला हलवले. कानाला लावले. बटण दाबून दाबून त्यांचा अंगठा दुखला असेल. मग ते गोठ्यामागून आले आणि मला योगिनीच्या हातात देऊन नुसते उभे राहिले.

"काहून होत नसीन व चालू?" चतुराबाईंनी विचारले.

"बोर्डच खराब असीन," योगिनी म्हणाली. तिने त्याच जागी टेबलावरचा दिवा लावून पाहिला. तो लख्ख लागला. मग तिने त्याच वायरला आपला फोन जोडला. फोन लगेच चार्ज होऊ लागला.

"वायर बी चांगली हाये, आत्याबाई. माहा फोन होऊन राह्यला नं. मंग हाच बिघडला."

ते ऐकून मी हादरलो. मला आतून ठाऊक होते की मी बिघडलेलो नाही, मला भूक लागली होती. पण सांगू कसा? तेव्हा मला कळले, दौलतरावांना बाजेवर बसून रोज काय वाटत असेल ते.

योगिनी हार मानणारी नव्हती. तिने माझ्या चार्जिंगच्या भोकात टॉर्चचा उजेड पाडून पाहिले. आत सोयाबीनचे कुटार, म्हणजे बारीक भुसा, दाटला होता, बंडीच्या खिशातून शिरलेला. खराट्याची बारीक काडी तासून तिने हलक्या हाताने तो काढला आणि फुंकर मारली. केवढे तरी कुटार निघाले! चतुराबाईंचा चेहरा खुलला. पण वायर लावली तरी दिवा नाही. मला नव्याने सुरू करायचे टाचणीएवढे भोक माझ्या पाठीवर आहे, त्यात टाचणी दाबून पाहिली. रात्रभर वायरला लावून ठेवले. सकाळी मी होतो तसाच थंड.

गावातल्या दुकानदाराने मला उलटेसुलटे केले. "वहिनी, बॅटरी खतम झाली याची. नवा घेऊन टाका."

"पन याच्या अंदर आत्याबाईचा आवाज हाये, भाऊ. तो निंगन का?"

"आता कायचा निंगते? गेला समजा."

योगिनी घरी आली आणि मला दौलतरावांच्या उशाशी ठेवून चुलीकडे गेली. चतुराबाईंना न सांगताच समजले. त्या दौलतरावांच्या बाजेजवळ बसल्या आणि स्वतः चाल धरली. "अवो, म्हना बरं माह्या मांगून, पानी द्या..." दौलतरावांनी तोंड फिरवले. नंतर ते पाण्यासाठी पुन्हा बोटानेच खूण करू लागले. मिळवलेले शब्दही मागे सरकत होते. मी उशाशी पडून सगळे बघत होतो.

अशातच वाशिमहून निरोप आला. सुप्रियाचे दुसरे बाळंतपण सासरीच झाले होते. मुलगी झाली होती. तिला बघायला तिघे निघाले. चतुराबाईंनी डिंकाचे लाडू बांधले. योगिनीने मलाही सोबत घ्यायला सांगितले. "वाशिमले एखांदा कारागीर भेटन, मामाजी. दाखवून पाहू." दौलतरावांनी मला बंडीच्या खिशात ठेवले आणि वरून हात धरला.

अकोल्याहून येणारी वाशिमची एसटी मेडशीला थांबली. गाडी नवीन होती. दौलतराव खिडकीशी बसले. त्यांच्या सीटजवळ फोन चार्ज करायचे भोक होते. योगिनीला स्टँडवर उतरल्यावर सुप्रियाच्या नवऱ्याला फोन करायचा होता आणि तिचा फोन बंद व्हायला आला होता. तिने वायर काढली, पण भोक होते रुंद आणि तिच्या वायरचे टोक बारीक. ते बसेना.

शेजारी मेडशीच्याच गोमतीबाई बसल्या होत्या. त्या मेथीच्या जुड्यांचे गाठोडे घेऊन मालेगावच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय झालं व बाई? वायर पाह्यजे का? हे घे माही. पोरानं पिशवीत टाकून देली, मले तं लावताबी येत नाही."

त्या वायरचे एक टोक रुंद होते, दुसरे बारीक. योगिनीचा फोन चार्ज होऊ लागला. ती काही वेळ त्या वायरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामाजी, प्लेअर देता का जरा?"

दौलतरावांनी मला खिशातून काढले, पण सोडायला तयार नव्हते. मी त्यांच्या मुठीत असतानाच योगिनीने वायर माझ्यात खोचली. काहीच झाले नाही. गाडी एका खड्ड्यातून गेली. गोमतीबाई वाकून बघत होत्या. चतुराबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

आणि मग, मित्रांनो, माझ्या अंगात कोमट झुळूक यावी तसे झाले. माझा लाल दिवा लागला.

"लागला!" योगिनी एवढ्या मोठ्याने ओरडली की कंडक्टर मागे वळला. "आत्याबाई, डोये उघडा! लागला लाल!"

चतुराबाईंनी पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "बिघडला नोयता व माहा डबा," त्या म्हणाल्या. "उपाशी होता बिचारा." दौलतराव हसले. आजारपणानंतर त्यांचे हसणे एका बाजूनेच यायचे, पण ते पूर्ण हसणे होते.

मालेगाव आले. गोमतीबाईंना उतरायचे होते. योगिनी वायर काढू लागली तशी त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे, राहू दे. त्याचं पोट भरू दे. मेडशीले आली का देजो." गाठोडे डोक्यावर घेऊन त्या उतरून गेल्या. त्या बाईंना मी कधी विसरणार नाही.

पुढच्या रस्त्यात दौलतरावांनी बटण दाबले. चतुराबाईंचा आवाज गाडीभर घुमला, "भूक लागली..." लोक हसले. दौलतरावांनी घाईने आवाज कमी केला, मला कानाशी धरले आणि तोंड खिडकीकडे वळवले. वाशिम येईपर्यंत ते काय पुटपुटत होते ते फक्त मला आणि खिडकीच्या काचेला ठाऊक आहे.

सुप्रियाच्या घरी गेल्यावर चतुराबाई आत शिरल्या, योगिनी शिरली. दौलतराव दारातच उभे राहिले. सुप्रिया बाळ घेऊन खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, या ना अंदर."

दौलतरावांनी खिशावर हात ठेवला, पण माझे बटण दाबले नाही. त्यांनी श्वास घेतला. जात्याच्या चालीतच, तुटक, पण नीट म्हणाले, "सु... प्रि... या."

सुप्रियाने बाळ योगिनीच्या हातात दिले आणि ती रडू लागली. "बाबा, अजून एक डाव म्हना ना."

त्यांनी म्हटले. मग आणखी म्हटले. शेवटी तर चाल गळून गेली आणि नुसती हाक उरली, रोज लेकीला घालतात तशी. मी खिशात होतो, त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. मला एवढे हलके वाटले की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी योगिनीने मला स्टँडजवळच्या रतनसिंग नावाच्या कारागिराला दाखवले. तो म्हणाला, "ताई, याले काहीच झालं नाही. दोन्ही टोकं बारीक असलेली नवी वायर राह्यते ना, तिचा चार्जर पह्यले विचारते, समोर कोन हाये. फोन जवाब देते. याले जवाब देता येत नाही, म्हनून चार्जर वीज सोडतच नाही. रुंद टोकाची जुनी वायर काहीच विचारत नाही, सरळ देते." त्याने तशी एक वायर आणि साधा चार्जर दिला. योगिनीने माझ्या पोटातले आवाज आपल्या फोनवरही उतरवून घेतले.

गोमतीबाईंची वायर आता त्यांच्या घरी परत पोचली आहे. माझा चार्जर उंदरापासून लांब, उंच खिळ्याला टांगलेला असतो. दौलतराव मला रोज ऐकतात, पण पूर्वीपेक्षा कमी. परवा दुपारी अंगणात शेजारचे पुंजाजी येऊन बसले होते. मी माझ्या सवयीने "पाणी द्या" म्हणत होतो. दौलतरावांनी बटण दाबून मला थांबवले, बाजेवर ठेवले आणि एकेक शब्द जुळवत मला म्हणाले, "तू गप राय. मी बोलतो."

मित्रांनो, कोणी असे गप्प केले तर एखाद्याला वाईट वाटले असते. मी मात्र त्या दुपारभर बाजेवर पडून ऐकत राहिलो. त्यांचे बोलणे अडखळत होते आणि पुंजाजी घाई न करता थांबत होते. तुमच्या घरीही आमच्यातले कोणी एकाएकी मुके झाले तर त्याला लगेच भंगारात देऊ नका. त्याचे तोंड साफ करा, दुसरी वायर लावा, दुसऱ्या जागी लावा आणि थोडा वेळ थांबा. कदाचित ते तुमच्या हातातच जागे होईल.